गोमा नावाड्याचा पाळणा

एकदा काय झालं, खाडीच्या काठी गोमा नावाचा एक नावाडी होता. त्याचा जन्मच मुळी होडीतला. जेवण होडीत, झोप होडीत. या तीरावरची माणसं त्या तीरावर सोडायची, एवढंच त्याला ठाऊक. मग राजानं खाडीवर पूल बांधला. आता होडीत कोण बसतंय? राजा वाईट नव्हता, बरं का. त्यानं गोमाला काठावर घर बांधून दिलं.

गोमानं जमिनीवर पाय ठेवला आणि जमीन डुलायला लागली. खरंच डुलायची, पण फक्त त्याच्यापुरती. शेजारीपाजारी मजेत चालायचे आणि हा चार पावलांत आडवा. हसू नका गं. जन्माची सवय सुटली की असंच होतं.

आणि नेमका तेव्हाच डोंगरावरून सांगावा आला. त्याच्या लेकीला, हिरूला, मुलगी झाली होती. बाराव्या दिवशी बारसं. पाळणा तर आजोळचाच लागतो. हिरूची आई केव्हाच देवाघरी गेलेली. गोमा गेला नाही, तर लेकीला सासरी मान खाली घालावी लागणार.

मग गोमानं नारळाला विचारलं, "बाबा रे, तू कसा उभा राहतोस?" नारळ म्हणाला, "पाय रोव." गोमानं गुडघ्यापर्यंत पाय चिखलात रोवले. उभा राहिला अगदी घट्ट. पण चालणार कसा? चौघांनी ओढून काढला.

मग त्यानं खेकड्याला विचारलं. खेकडा म्हणाला, "तिरकं चालायचं, त्यात काय." गोमा तिरका चालत गेला तो थेट खाडीत.

मग बिचारा काठावर पालथ्या पडलेल्या आपल्या होडीला टेकून बसला आणि रडला. तशी होडी बोलली, "गोमा, उतारू नसले की मीही अशीच डुलायचे. तेव्हा तू काय करायचास?"

"तुझ्या पोटात धोंडे भरायचो."

"मग? आता तू रिकामा झालायस. माझ्या फळ्या काढ, पाळणा कर आणि तो घेऊन चालू लाग."

गोमा नको नको म्हणाला. जिनं जन्मभर पोसलं तिच्यावर हत्यार कसं चालवायचं? पण बारशाला तीनच दिवस उरले होते. मग त्यानं डोळे पुसले, फळ्या काढल्या, पाळणा केला, डोक्यावर घेतला आणि निघाला. जमीन एकदा डुलली, दोनदा डुलली, तिसऱ्यांदा नुसती हलल्यासारखी वाटली. आणि बाई, तो डोंगर चढून गेला की.

हिरू दारातच उभी होती, लेकीला घेऊन. म्हणाली, "बाबा, उतरवा तो पाळणा."

"नको गं. उतरवला की मी पडेन."

"मी आहे ना इथं. उतरवा."

मग बायकांनी पाळणा उतरवून घेतला, तुळईला टांगला, पोरीला आत निजवलं. गोमा डोळे मिटून उभा. आता पडेन, मग पडेन. पण पडेचना. त्यानं हळूच एक डोळा उघडला. बघतो तर काय, पाळणा डुलत होता आणि जमीन जागच्या जागी होती. गोमा हसला, हसता हसता रडला, आणि मग खाली बसून दोन वाट्या घुगऱ्या मागून खाल्ल्या.

पुढं तो तिथंच राहिला, नातीला झोके देत. सगळं नीट झालं हो त्याचं. चला, आता पाय पोटाशी घ्या आणि निजा बघू.