पुसलेल्या खुणा

डोंगरातल्या एका गावातून एक मुलगी शिकायला लांब गेली होती. ती शिकून परत आली, हेच गावाला नवल होतं. कारण तोवर जे गेले ते तिकडचेच झाले होते. येताना तिने दूरच्या शहरातून एक वापरलेलं हरितगृह विकत घेतलं होतं. हरितगृह म्हणजे लोखंडी नळ्यांचा सांगाडा आणि त्यावर ताणून बसवलेला पारदर्शक प्लास्टिकचा कागद. आत ऊब राहते, कोवळी रोपं थंडीने मरत नाहीत.

तिला वाटलं होतं, प्रत्येक नळीवर आकडा असेल, नटबोल्ट वेगवेगळ्या पुड्यांत बांधलेले असतील आणि सगळ्यात वर एक चोपडी असेल: आधी हे जोडा, मग ते जोडा. प्रत्यक्षात दोन बैलगाड्या आल्या. त्यांत गंजक्या नळ्यांचा ढीग होता, सगळे नटबोल्ट एकाच पोत्यात कोंबलेले होते, आणि नळ्यांवर वाळलेले वेल, चिखलाचे थर आणि कुंभारमाशीने बांधलेली मातीची घरटी होती.

"आणि चोपडी?" तिने गाडीवानाला विचारलं.

"मला नळ्या दिल्या, मी नळ्या आणल्या," गाडीवान म्हणाला. "चोपड्या कळत असत्या तर बैल हाकत बसलो असतो का, ताई?"

मुलगी हसली. ती खचणारी नव्हती. शिवाय खचायला वेळही नव्हता. दरवर्षी थंडीचा कडाका या गावातली मिरचीची आणि वांग्याची रोपं करपवून टाकायचा. यंदा तिच्या शब्दावर घराघराने आपलं राखून ठेवलेलं सगळं बी तिच्या वाफ्यांत पेरलं होतं. रोपं बोटभर झाली होती. कडाका आठ दिवसांवर आला होता. तोवर हरितगृह उभं राहिलं नाही, तर गावाकडे ना रोपं उरणार होती, ना बी.

"आधी हे सगळं नव्यासारखं करू," ती म्हणाली. "गावात पहिल्यांदा काहीतरी नवं उभं राहणार आहे. ते गंजकं कसं दिसू द्यायचं?"

तिचा उत्साह पाहून सगळ्यांना हुरूप आला. पहिल्या गाडीतल्या नळ्या तिने घरोघरी दोन-दोन वाटल्या. बायकांनी त्या वाळूने आणि काथ्याने घासल्या, पुरुषांनी हिरवा रंग दिला आणि आपापल्या अंगणात वाळत ठेवल्या.

गावात गोधड्या शिवणारी एक म्हातारी होती. सगळे तिला भिवरामावशी म्हणत. तिने आपल्या वाट्याच्या नळ्या घासल्या नाहीत, तशाच परत आणून दुसऱ्या गाडीजवळ ठेवल्या.

"घासायच्या आधी जरा बघू दे की, पोरी."

"बघायचं काय त्यात मावशी? गंजच आहे."

"आहे ना. पण कुठवर आहे, ते बघितलंस का?"

मुलीने मान डोलावली आणि ती पुढच्या अंगणात गेली. म्हाताऱ्या माणसांना प्रत्येक गोष्ट उलटून पालटून बघायची सवय असते, असं तिला वाटलं.

थंडीमुळे रंग वाळायला वेळ लागत होता, म्हणून तिने दुसऱ्या गाडीतल्या न घासलेल्या नळ्या आधी जोडायला घेतल्या. तिने कागदावर नकाशा काढला, लांबी मोजली, कोन मांडले. दोन दिवस खपून चार कमानी उभ्या केल्या. तिसऱ्या दिवशी पाचवी कमान लावताना पहिली सटकली आणि पाचही एकामागून एक बसकण मारून खाली आल्या. कुणाला लागलं नाही, एवढंच बरं.

मुलगी नळ्यांच्या ढिगात बसून राहिली. भिवरामावशी येऊन शेजारी टेकली. तिने एक नळी मांडीवर घेतली, जशी गोधडीला घ्यायचं लुगडं घेते तशी.

"हा गंज बघ. गुडघ्याइतकाच आहे, पुढे लोखंड चांगलं आहे. म्हणजे एवढी नळी जमिनीत होती. तू ती छपराला लावलीस. ही दुसरी बघ, एका अंगाने फिकी पडलीय. ते उन्हाकडचं अंग. हिच्यावर माशीचं घर आहे. माशी काय पावसात घर बांधते? म्हणजे ही आतली, छपराखालची. आणि वेल बुडाशी जाड असतो, शेंड्याला बारीक. तो बघ आणि सांग, वरचं टोक कुठलं."

मुलगी बघतच राहिली. "मावशी, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"जुन्या लुगड्यांनी. लुगडं खांद्यावर विरलेलं असलं तर त्या बाईने घागरी वाहिल्या. गुडघ्याशी विरलं तर तिने जमिनी सारवल्या. वापरलेल्या वस्तूला चोपडी लागत नाही बाई, तिने सगळं अंगावर लिहून ठेवलेलं असतं. कापडाला जमतं ते लोखंडाला जमणार नाही होय?"

मग दोघींनी एकेक नळी वाचली. जमिनीतली जमिनीत गेली, उन्हाकडची उन्हाकडे. भोकासमोर भोक आलं आणि बोल्ट बोटाने फिरवून आत जाऊ लागले. दोन दिवसांत अर्धं हरितगृह ताठ उभं राहिलं. त्यावर कागद चढवला तेव्हा अख्खं गाव बघायला लोटलं.

उरलेलं अर्धं जोडायचं म्हणून मुलगी हिरव्या नळ्या बघायला घरोघरी फिरली. पहिल्याच अंगणात तिने नळ्या पुन्हा पुन्हा उलटून पालटून बघितल्या. नळ्या गुळगुळीत होत्या, चमकत होत्या आणि सगळ्या सारख्या होत्या. उभ्या झालेल्या भागावरून अंदाज बांधावा, तर ही वाऱ्याकडची बाजू होती. तिला जास्तीचे तिरपे टेकू होते आणि भोकं वेगळ्याच अंतरावर होती. कुठली नळी कुठे जायची, हे सांगणारी प्रत्येक खूण तिनेच घासून काढायला लावली होती.

ती परत आली तेव्हा गावचा कारभारी कौतुकाने कागदावर टिचक्या मारत होता.

"शिकलेलं माणूस ते शिकलेलंच," तो म्हणाला. "आणि उरलेलं अर्धं कधी?"

मुलगी कागदावरची सुरकुती सरळ करू लागली.

"कळलं मला," कारभारीच पुढे म्हणाला. "तो माल खराब निघाला. शहरातले लोक असेच गंडवतात. होय ना?"

सगळे तिच्याकडे बघत होते. सगळ्यांच्या डोळ्यांत तिच्याबद्दल अभिमान होता. तिने मान हलवली. "हो, तसंच दिसतंय."

भिवरामावशी तिथेच उभी होती. तिने आपली पिशवी उचलली आणि ती घरी निघून गेली.

त्या एका मान हलवण्याने गावाचा सूर बदलला. अर्ध्या हरितगृहात अर्धीच रोपं मावणार होती.

"माझी मिरची आत जाईल. तुझ्या वांग्यांना कोण विचारतं? गेल्या साली निम्मी किडकी होती."

"आणि तुझी मिरची? तान्हं पोर चाटून खातं, इतकी गोड."

आदल्या दिवसापर्यंत एकमेकांच्या नळ्यांना रंग देणारी माणसं एकमेकांची रोपं मोजू लागली. शेवटी कारभाऱ्याने ठरवलं, चिठ्ठ्या टाकायच्या. आणि लोहाराला सांगितलं, उद्या सकाळी घरोघरच्या हिरव्या नळ्या गोळा कर, वितळवून खुरपी तरी होतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी घराबाहेर पडली, तेव्हा लोहार पहिल्या अंगणात नळ्यांना हात घालत होता. खरं काय ते तिच्याशिवाय एकट्या मावशीला ठाऊक होतं, आणि मावशी बोलणारी नव्हती. मुलगी गप्प राहिली असती तरी गावात तिचं नाव चांगलंच राहिलं असतं. पण तिची नजर वाफ्याकडे गेली. तिच्या शब्दावर पेरलेली रोपं दवाने वाकली होती, आणि त्यांतली अर्धी तिच्याच शब्दाने मरणार होती.

तिने ठरवलं.

"काका, त्या नळ्या आहेत तिथेच ठेवा," ती लोहाराला म्हणाली. मग तिने सगळ्या गावाला बोलावलं.

"माल चांगला होता," ती म्हणाली. "नळ्यांवर खुणा होत्या. मावशी मला बघ म्हणाली होती. मी बघितलं नाही, तुम्हाला घासायला लावलं. आणि काल मी खोटी मान हलवली. अर्धं घर माझ्यामुळे अडलंय."

कारभारी जमिनीकडे बघत होता. मग मागून, नळ्या घासणाऱ्या बायकांतल्या हौसाक्काचा आवाज आला.

"कसल्या खुणा म्हणतेस? माझ्या दोन्ही नळ्यांवर मातीची घरटी होती. खरवडताना माझ्या विळीचं टोक मोडलं."

"दोन्हीवर?" मुलीने विचारलं.

"दोन्हीवर. वरच्या अंगाला."

"आमच्या एकीला मांडीएवढा गंज होता," दुसरी म्हणाली. "घासताना माझे हात सोलून निघाले."

"आमच्या नळीवरचा वेल शेळीने खाल्ला. पण जाड होता तो ह्या टोकाला, मी दाखवते."

ज्यांनी खुणा पुसल्या होत्या, त्यांच्या हातांना त्या आठवत होत्या. विचारलं मात्र कुणी नव्हतं. आणि झाकून ठेवलेल्या चुकीबद्दल विचारणार तरी कसं? नळ्या अजून ज्याच्या त्याच्या अंगणात होत्या. भिवरामावशीने चिंध्यांचं गाठोडं सोडलं: जमिनीतल्या नळीला लाल चिंधी, छपराखालच्या नळीला पांढरी, उन्हाकडच्या अंगाला पिवळी. रंगीत चिंध्या बांधलेल्या नळ्या खांद्यावर घेऊन माणसं येत राहिली. कडाका पडायच्या आदल्या दिवशी शेवटचा बोल्ट बसला, आणि मिरची, वांगी, किडकी, गोड, सगळ्यांची रोपं आत गेली. चिठ्ठ्या कुणी टाकल्या नाहीत.

या गोष्टीचं तात्पर्य: जुन्याला नवं करायला निघण्याआधी ते नीट वाचावं. आणि वाचायचं राहून गेलं, तर ते उघड सांगावं. आपण सांगितलं, तरच इतरांना काय आठवतं ते आपल्याला कळतं.