टिटवीचं उघडं घर

जनावरं एकमेकांकडे पाहुणी जायची, त्या काळातली गोष्ट. जंगलातला हुप्प्या वानर एकदा माळरानावर आला आणि त्याला अगदी भरून आलं.

"अरेरे, एकही झाड नाही! टिटवीबाई, तुम्ही राहता तरी कशा?"

लगेच तो जंगलातून वडाची दहा रोपं घेऊन आला आणि खड्डे खणू लागला. टिटवी धावत आडवी आली. तिची चार अंडी त्याच्या पायापासून वीतभरच लांब होती.

"हुप्प्याभाऊ, आधी माझं घर शोधून दाखवा," ती म्हणाली. "सापडलं तर खुशाल झाडं लावा."

"त्यात काय अवघड!"

त्याने ढोली शोधली, फांदी शोधली, शेवटी बिळंसुद्धा शोधली. दमून तो जमिनीवरच्या खड्यांवर टेकणार, तोच टिटवी किंचाळली. बघतो तर काय, त्यातला एक खडा तडकला आणि आतून पिल्लू बाहेर आलं!

"हे घर? असं उघड्यावर?"

"उघड्यावर आहे म्हणून तर तुम्हाला सापडलं नाही. झाड आलं की त्यावर कावळा बसेल, आणि त्याला वरून सगळं दिसेल."

हुप्प्या पोट धरून हसला, स्वतःलाच. पिल्लाचं अंग वाळेपर्यंत तो तिथेच कौतुकाने बघत बसला. मग रोपं काखेत मारून जंगलाकडे निघाला. जन्मभर उड्या मारलेला गडी, पण माळ संपेपर्यंत खाली बघत, एकेक पाऊल जपून टाकत गेला. आणि त्याच्या मागे, थेट तस्संच चालत, ते पिल्लू.