आबांचं मीठ

खूप वर्षांपूर्वी एका काचेच्या टाकीत एक म्हातारा काळा मोली मासा होता. सगळे त्याला आबा म्हणत, कारण तसं नाही म्हटलं की तो चिडे. एकदा तो आजारी पडला, मालकिणीने पाण्यात मीठ घातलं आणि तो बरा झाला. तेव्हापासून पाणी जरा आटलं की हा काचेशी येऊन मुद्दाम मलूल पडायचा. मालकीण घाबरून नवं पाणी ओतायची आणि पुन्हा चमचाभर मीठ घालायची.

तळाशी राहणाऱ्या, मिशा असलेल्या मिशाळ्या माशाच्या अंगावर खवलंच नव्हती. त्याची कातडी सोलून निघत होती.

“आबा, पाणी आटतं, मीठ आटत नाही. ते साठत चाललंय. मी मरेन!”

“आम्ही मिठातच वाढलो. तुम्हा पोरांना काही म्हणून सोसत नाही.”

“तुम्हाला खवलं आहेत, मला नाहीत!”

“उलट बोलतोस? आधी शेपटी खाली कर.”

बाकीचे मासे ऐकत होते. एकानेही तोंड उघडलं नाही. आबांचा मान राखायचा होता ना!

मिशाळ्या मेला. मालकिणीने त्याला जाळीने उचलून नेलं.

“पोरगा गुणी होता,” आबा हळहळला, “पण त्याला मीठ कमी पडलं.”

आणि तो काचेशी जाऊन मलूल पडला.