सिपोराबाईंची चार दिवसांची हजेरी

"मग ती चार दिवसांची प्रार्थना धरायची की नाही?"

अब्नेर धापा टाकत विचारत होता. मास्क नाकाखाली घसरलेला. रहामीमकाका खिडकीच्या गजांआड, आरामखुर्चीत. मधे सहा फूट अंगण.



"काका, तुम्ही पण होतात ना आज सकाळी? पाहिलंत ना?"

"पाहिलं."

"मग सांगा..."

रायगड जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव. गावात बेने इस्राएल ज्यूंची सात-आठ घरं उरलेली, तीही लांब लांब पांगलेली. बाकीचे कधीच इस्राएलला गेले. रहामीम पेझारकर इथल्या सिनेगॉगचे हझान, म्हणजे प्रार्थना चालवणारे. चाळीस वर्षं त्यांनी ते काम केलं. वय एक्याऐंशी. अब्नेर वाकरूळकर त्यांच्याकडे हिब्रू मुळाक्षरं शिकला, पुढे जेरुसलेमला तीन वर्षं धर्मशास्त्र शिकून आला. तेव्हापासून तो काकांचे उच्चार सुधारायचा. काका सुधारून घ्यायचे.

टाळेबंदी लागली, सिनेगॉगला कुलूप पडलं. अब्नेरने आठवड्याच्या आत संगणकावर प्रार्थना सुरू केली. रोज सकाळी सात वाजता. गावातले चौघे, बाकीचे ठाण्याचे, पेणचे, अलिबागचे. मोजून दहा पुरुष. बायका त्यात धरत नाहीत. दहापेक्षा एक कमी असला तर मेलेल्या माणसासाठीचं कद्दिश म्हणता येत नाही. पडद्यावरचे दहा हे दहाच, याला आधार देणारं एका विद्वानाचं पत्र अब्नेरने मिळवलं होतं. ते त्याने सगळ्यांना पाठवलं.

काकांनी ते वाचलं नव्हतं. "लोक येतात ना? मग चालव," एवढंच म्हणाले होते.

ठाण्याच्या निस्सीमची आई एप्रिलमध्ये गेली. तो रोज तिच्यासाठी कद्दिश म्हणायचा. अब्नेरने सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, "एक जरी गैरहजर राहिला तरी निस्सीमच्या आईचं कद्दिश राहील. ते तुमच्या डोक्यावर."

कोणी गैरहजर राहिला नाही.

चार दिवस एलियाझर चेऊलकरांच्या चौकटीत मात्र नुसतं नाव दिसत होतं. चेहरा नाही, आवाज नाही. एलियाझर म्हणजे एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला अबोल माणूस. मूलबाळ नाही. रेंज नसेल, असं सगळ्यांनी धरलं. बरोबर सातला नाव उगवायचं, प्रार्थना संपली की जायचं. अब्नेर दहा मोजायचा.

आज सकाळी तो चिडला.

"एलियाझरकाका, आता पुरे. कॅमेरा लावा. तोंड दिसल्याशिवाय मी आजपासून धरणार नाही."



मग चौकट उजळली.

एलियाझर नव्हते. त्यांची बायको सिपोराबाई होत्या. जमिनीवर, भिंतीला टेकून बसलेल्या. ब्लाऊज गळ्यापाशी फाडलेला, त्यांच्यात दुखवट्यात फाडतात तसा. मागच्या आरशावर चादर.

"ते नाहीत," त्या म्हणाल्या. "रविवारी गेले."

आज गुरुवार होता.

 नऊ तोंडं नुसती बघत राहिली. निस्सीमने हातातलं पुस्तक मिटलं. मग सिपोराबाईंची चौकट विझली, आणि अब्नेर चप्पल न घालता घराबाहेर पडला तो थेट काकांच्या अंगणात.

"चार दिवस आपण नऊ होतो, काका! नऊ! आणि मी दहा मोजत होतो. निस्सीमला मी काय सांगू? ती कद्दिशं म्हटली की नाही म्हटली?"

काका खुर्चीतून उठले. वेळ लागला.

"तुझ्या घरी अंडी आहेत का?"

"...काय?"

"अंडी. कोंबडीची."

"असतील. पण मी विचारतोय..."

"दुखवट्याच्या घरी पहिला घास बाहेरून जातो. अंडी आणि मसूर. तुझ्या पुस्तकात असेलच."

"आहे."

"मग तिला कोणी नेला?"

अब्नेर घराकडे वळला. 

त्याने घरी जाऊन सहा अंडी उकडली. आयुष्यात पहिल्यांदा मसूर शिजवले. ते थोडे खाली लागले. तसाच अनवाणी परत आला तेव्हा काका काठी घेऊन रस्त्यावर उभे होते.

"तुम्ही येऊ नका, काका. तुमचं वय... पोलीस अडवतील."

"अडवू देत."

दोघे मधे अंतर ठेवून चालत गेले. बाजारपेठ बंद. चेऊलकरांच्या इमारतीचं फाटक बांबू आणि लाल पट्टीने बांधलेलं. चौकीदार लांबूनच म्हणाला, "आत नाही. तो दुसरा मजला सील आहे. त्या बाई एकट्याच आहेत, चौदा दिवस."

"तिला हाक मार," काका म्हणाले.

सिपोराबाई बाल्कनीत आल्या. त्यांनी दोरीला बांधलेली पिशवी खाली सोडली. सवयीची हालचाल होती. दूध तसंच येत असणार.

अब्नेरने डबा पिशवीत ठेवला. पिशवी वर जाईना. त्यांनी दोरी धरून ठेवली होती आणि त्या बोलत होत्या. खाली ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोलणं त्यांना जड जात होतं.

"रविवारी प्रार्थना संपली आणि गाडी येऊन ह्यांना घेऊन गेली. मला बसू दिलं नाही. रात्री दवाखान्यातून फोन आला. म्हणाले, दफन केलंय. कुठे ते नंतर कागदावर लिहून देऊ..."

त्यांनी दोरी मनगटाला गुंडाळली.

"तोंड नाही पाहिलं मी."

"आम्हाला का नाही कळवलंत?" अब्नेरचा आवाज चिरकला. "एक फोन..."

"कळवणार होते. सोमवारी सकाळी फोन हातात घेतला तर सात वाजायला आले होते. ह्यांचा फोन आपोआप वाजला, प्रार्थनेची आठवण करायला. तू म्हणाला होतास ना, एक कमी झाला तर निस्सीमच्या आईचं राहील. ते माझ्या डोक्यावर येईल." त्यांनी कठड्यावर हात टेकला. "म्हणून लावला. निस्सीम म्हणायचा ते त्याच्या आईसाठी. मी इकडे बसून ऐकायचे... ते मी ह्यांच्यासाठी धरायचे. ह्यांच्यासाठी म्हणणारं दुसरं कोण आहे?"

अब्नेर वर बघत होता.

"अब्नेर, तू शिकलेला आहेस. सांग. मी फसवलं का रे तुम्हाला? पाप केलं का?"

उत्तर त्याला ठाऊक होतं. कोणत्या ग्रंथात, कोणत्या पानावर, तेही ठाऊक होतं. त्याने काकांकडे पाहिलं.

काका मान मागे टाकून वर बघत होते. एक्याऐंशी वर्षांचे डोळे, दुपारचं ऊन. पाणी उन्हाचं होतं की कशाचं, सांगता आलं नसतं.

"सिपोरा," ते म्हणाले, "अंड्यांची सालं अब्नेरने काढलीत. वाकडीतिकडी निघालीत. पण गरम आहेत तोवर खा."

"इथेच?"

"इथेच. आम्ही उभे आहोत."

पिशवी वर गेली. सिपोराबाई बाल्कनीत खाली बसल्या. कठड्याच्या जाळीतून त्यांचा हात तेवढा दिसत होता. हात डब्यात गेला, तोंडाकडे गेला, परत डब्यात आला. पाच-सहा घास झाल्यावर वरून रडण्याचा आवाज आला. रविवारपासून पहिल्यांदाच, असं चौकीदार म्हणाला. तोही उठून उभा राहिला होता.

अब्नेरच्या पायाला डांबर भाजत होतं. तो हलला नाही.

डबा रिकामा खाली आला तेव्हा काका वळले. परतीच्या वाटेवर अब्नेरने काही विचारलं नाही.  काका फक्त कोपऱ्यावर म्हणाले, "मसूर उद्या जरा कमी जाळ."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता पडद्यावर एकेक चौकट उघडू लागली. ठाणे, पेण, अलिबाग. निस्सीम. रहामीमकाका. सगळे वेळेआधी आले होते. 

मग दहावी चौकट उघडली. वर नाव एलियाझर चेऊलकर. आत सिपोराबाई. डोक्यावर पदर, चेहरा उघडा.

अब्नेरने मोजलं. पुरुष नऊ होते.

त्याने पुस्तक उघडलं, परत मिटलं. सगळे त्याच्याकडे बघत होते. त्याने आपला आवाज बंद केला आणि काकांना फोन लावला. पडद्यावर काका खिशातून फोन काढताना दिसले.

"काका, नऊच आहेत..." तो कुजबुजला. "तिला जायला सांगू? की तसंच सुरू करू? कुठून सुरू करू?"



"आधी तिला विचार, रात्री झोप लागली का."