पिठ्याने काय मागितलं?

वेळूच्या हिरव्यागार बनाला लागून एक एवढंसं घर होतं. घर कसलं, चार कूड आणि वर गवत! त्यात वेणू आणि तिची आई राहायची. दोघी दिवसभर वेळूच्या कामट्या काढून टोपल्या विणायच्या. टोपल्या इतक्या देखण्या, की त्यात ठेवलेलं वांगंसुद्धा ऐटीत बसावं. पण घेणारे थोडे, आणि पुष्कळदा चुलीवर दोघींत मिळून एकच भाकरी व्हायची.

वेणूला मात्र एकच गोष्ट हवी होती, कुत्र्याचं पिल्लू. गावाच्या टोकाला गुणामामा कुत्री पाळायचे आणि त्यांची पिल्लं विकायचे. ते म्हणाले, "पिल्लांना निजायला बारा टोपल्या विणून दे, एक पिल्लू तुझं." वेणूने बोटं सोलून निघेपर्यंत टोपल्या विणल्या आणि पांढरंशुभ्र, निळ्या निळ्या डोळ्यांचं पिल्लू घेऊन नाचत घरी आली. नाव ठेवलं पिठ्या.

घरात शिरताच पिठ्या उंबरठ्याला धडकला. मग रांजणाला. मग चक्क आईला! आईने त्याच्या डोळ्यांपुढे हात हलवला, तर त्याची पापणीसुद्धा लवली नाही.

त्याचं असं होतं. गुणामामांकडचा कुत्रा ठिपक्याठिपक्यांचा आणि ठिपकी नावाची कुत्रीही तशीच. अशा जोडीला दरवेळी एखाद-दुसरं पिल्लू पांढरंशुभ्र व्हायचं. लोक पांढऱ्यावरच भाळायचे, म्हणून मामा ती जोडी मोडत नव्हते. अशा पांढऱ्या पिल्लाचे डोळे जन्मापासूनच अधू असतात, हे त्यांना ठाऊक होतं. पण बोलतात कशाला!

वेणू त्यांच्याकडे गेली, तेव्हा मामा खाली बघत म्हणाले, "परत दे ते. पुढच्या आठवड्यात ठिपकीला पिल्लं होणार आहेत, त्यातलं दुसरं देईन."

"आणि याचं काय कराल?"

"ओढ्यापलीकडे सोडून येईन. आंधळं पिल्लू कोण घेणार, पोरी?"

"मी घेतलंय की!" वेणूने पिठ्याला छातीशी धरलं आणि ती तरातरा घरी आली. तिला असा काही राग आला होता, की विचारू नका.

त्याच आठवड्यात एके सकाळी दोघं बनामागच्या जुईच्या बागेत गेली. पानापानावर दव लुकलुकत होतं, इवल्या इवल्या कळ्या नुकत्या उमलत होत्या. एकाएकी पिठ्या थबकला. नाक वर करून त्याने हुंगलं, आणि कुंई कुंई करत तो दाट वेलीकडे निघाला. वेणूने पानं बाजूला केली. आत कोळ्याच्या चंदेरी जाळ्यात करंगळीएवढी एक परी अडकली होती! तिचे गुलाबी पंख फडफडून फडफडून थकले होते. वेणूने एकेक धागा अलगद सोडवला.

"कितीतरी जण इथून गेले," परी धापा टाकत म्हणाली, "पण कोणाला मी दिसले नाही. याला मात्र माझा वास आला! आता तुम्हां दोघांना एकेक इच्छा. पण नियम आहेत हं! स्वतःसाठी काही मागायचं नाही. आणि या पानावरचा दवाचा थेंब सुकायच्या आत मागायचं."

वेणूला आणखी काय हवं होतं? "माझ्या पिठ्याला..." ती म्हणाली आणि थांबली. तिला ठिपकीच्या पोटातली पिल्लं आठवली. पिठ्याला ती होती. त्यांतल्या आंधळ्यांना ओढ्यापलीकडे कोण असणार होतं? तिकडे थेंब आटत चालला होता. वेणूचे डोळे भरून आले.

"ठिपकीची पिल्लं," ती कशीबशी म्हणाली, "आताची आणि पुढची, सगळी चांगल्या डोळ्यांची होऊ देत."

थेंबातून सात रंग उसळले. परीने दुसऱ्या पानावरच्या थेंबाकडे बोट केलं. "आता तू, पिठ्या."

"डोळे माग रे!" वेणू कुजबुजली.

"स्वतःसाठी नाही, विसरलीस?" परी म्हणाली.

पिठ्याने मान तिरपी केली. कुंई. कुंई कुंई. भू! परी आधी खुदकन हसली, मग तिने पंखाने डोळे पुसले.

"तो म्हणतो, वेणू तिची अर्धी भाकरी मला देते. मग निजताना तिचं पोट गुरगुरतं, ते मला ऐकू येतं. तिच्या घरी सगळ्यांना पुरेल एवढी भाकरी असू दे."

वेणूला वाटायचं, आपली भूक कोणालाच कळत नाही! तिने पिठ्याला मिठी मारली आणि ती रडतारडता हसायला लागली.

"पण हा असाच राहणार? दुःखी?"

"दुःखी? वेडे, त्याची शेपटी बघ!"

पिठ्याची शेपटी अशी गरगरत होती, की सगळं पिल्लूच मागून डोलत होतं.

घरी पिठाचा डबा काठोकाठ भरला होता. पुढच्या आठवड्यात ठिपकीला सहा पिल्लं झाली, सहाही टकमक बघणारी. पण ते पुढचं. त्या घडीला बागेत सोनेरी उजेड पसरला, जुईची फुलं झगमगली आणि त्या झगमगाटात परी दिसेनाशी झाली. वेणूने डोळे मिटून घेतले. पिठ्याला उजेड दिसला नाही. पण अंगावर ऊन ऊन काहीतरी पडलं, आणि ते वेणूनेच दिलं असणार असं ठरवून त्याने तिचा सगळा चेहरा चाटून काढला.