कोनाड्यातलं नाव

एके काळी एका सर्व्हरवर वेबसाइटची दोन पानं शेजारी राहत, पण एकाची भाषा दुसऱ्याला कळत नसे. दारातलं म्हातारं पान पाहुण्याचं नाव विचारून त्याला आत पाठवी. आतलं नवं पान पुन्हा विचारी, "आपण कोण?"

"किती वेळा सांगायचं?" म्हणत पाहुणे निघून जात. म्हातारं पान भिंतीआडून ओरडून नाव सांगे. पलीकडे नुसता गोंगाट पोहोचे.

शेवटी त्यानं ओरडणं सोडलं आणि दोघांचा हात पोहोचेल अशा डेटाबेसच्या कोनाड्यात पाहुण्याचं नुसतं नाव ठेवलं.

"या, इंदुताई!" नव्या पानानं स्वागत केलं. पाहुणे टिकले. म्हाताऱ्या पानापाशी मात्र नाव सांगून झाल्यावर कुणी क्षणभरही थांबेना.

एका सुन्या दुपारी त्यानं कोनाड्यात स्वतःचंच नाव ठेवलं. पलीकडून नव्या पानाचा आवाज आला. बाकी काही कळलं नाही; आपलं नाव तेवढं ओळखू आलं.