लाल दार, निळं दार

सातासमुद्रापलीकडच्या पेरू देशात, उंच डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. त्या गावात साबिना आणि तोमासा नावाच्या दोन सख्ख्या बहिणी राहत. दोघींचं शेताला शेत लागून होतं, पण गेल्या निवडणुकीपासून एकमेकींशी बोलणं बंद.

त्याचं कारण असं. गावात मोठी घराणी दोनच, अल्कोर्ता आणि मोंतालबा. एकाचे आजोबा राजधानीत मंत्री झालेले, दुसऱ्याचे काका थेट राष्ट्राध्यक्ष. गावचं मुखियापण कधी याच्या घरी, कधी त्याच्या. तिसऱ्याच्या उंबऱ्याला ते कधी शिवलंच नाही. अल्कोर्तांच्या माणसांनी आपली दारं लाल रंगवायची, मोंतालबांच्या माणसांनी निळी. पाटाचं पाणीसुद्धा असंच वाटलेलं. लाल दारांच्या शेतांना अल्कोर्ता पाणी सोडायचे, निळ्यांना मोंतालबा. लाल आणि निळ्या दारांत विस्तव जात नसे.

साबिना विधवा होती. तिचं दार लाल. तोमासाचं निळं. गेल्या निवडणुकीच्या मारामारीत तोमासाच्या नवऱ्याचा हात मोडला, तो धड सांधलाच नाही. साबिना बघायलासुद्धा गेली नाही. म्हणाली, “मोंतालबांच्या नादी लागलं की असंच व्हायचं!”

त्या डोंगरात बटाट्याची लावण एकट्यानं होत नाही. एकानं पायानं फाळ दाबून माती उलटायची, दुसऱ्यानं मागोमाग बेणं ठेवत जायचं. म्हणून आज तू माझ्याकडे, उद्या मी तुझ्याकडे, अशी सावड असते. पण लाल दारानं निळ्या दाराशी सावड करायची नाही, असा दोन्ही घराण्यांचा दंडक. लावणीचे दिवस संपत आले, तरी तोमासाचं शेत निम्मं उघडंच होतं. यंदा बटाटा लागला नाही, तर हिवाळ्यात तिच्या लेकरांनी खायचं काय? साबिना बांधावरून बघायची आणि मान फिरवायची.

निवडणूक पुन्हा जवळ आली. अल्कोर्तासाहेबांच्या लेकीचं लग्न राजधानीत ठरलं होतं. तिच्यासाठी साबिनानं लोकरीची शाल विणली आणि ती द्यायला मोठ्या घरी गेली. दारात कुणी नव्हतं. स्वयंपाकघरातून वाट काढत ती मागच्या अंगणात आली आणि जागच्या जागी थिजली.

अंजिराच्या झाडाखाली पंगत बसली होती. अल्कोर्तासाहेबांच्या मांडीला मांडी लावून साक्षात मोंतालबासाहेब!

“व्याही, यंदा मुखियापण तुमच्याकडे राहू द्या,” अल्कोर्ता म्हणाले. “पुढल्या खेपेला माझा जावई आहेच की!”

“म्हणजे माझाच पोरगा!” मोंतालबा खो खो हसले. “घरातलं घरात! पण चौकात मला चार शिव्या नीट घाला हं. मागच्या वेळी फारच मिळमिळीत घातल्यात.”

साबिनाच्या हातातली शाल गळून पडली. अल्कोर्तांचा विजय व्हावा म्हणून त्या माउलीनं मेरीमातेला नवस बोलून मीठ सोडलं होतं. महिनोन्‌महिने आळणी गिळलं होतं. आणि विजय कुणाचा व्हायचा, ते इथे जेवता जेवता ठरत होतं!

तिला पाहून अल्कोर्ता जरासे चपापले. मग गोड हसले. “ये गं साबिना. अगं, मोठ्यांच्या घरी असं चालायचंच. ऐक, यंदा पाटाचं पहिलं पाणी तुझ्या शेताला. तू काही पाहिलं नाहीस. काय?”

पहिलं पाणी म्हणजे सगळ्या गावाआधी कोंब. जन्मभर तिनं त्याची आस धरली होती. तिनं शाल उचलली, झटकली आणि खाटेवर ठेवली.

“मालक, मी पाहिलं,” ती म्हणाली. “डोळे देवानं दिलेत. ते विकायला मी कोण?”

ती तिथून निघाली ती थेट तोमासाच्या शेतात. तोमासा एकटीच फाळ दाबत होती. हिला पाहून म्हणाली, “काय बाई, रस्ता चुकलीस? तुझं शेत पलीकडे!”

साबिनानं पाहिलेलं सगळं सांगितलं. तोमासा फणकारली, “तुझे मालक असतील तसले. आमचे मोंतालबासाहेब अल्कोर्तांच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचे नाहीत!”

साबिना वाद घालत बसली नाही. तिनं बेण्याची टोपली कमरेला लावली. “तू माती उलट. मी बेणं ठेवते. दाजींचा हात मोडला तेव्हाच यायला हवं होतं गं मी.”

तोमासाचा फाळ पुन्हा मातीत रुतला. वाटेवरची माणसं आ वासून बघत राहिली. लाल दाराची बाई निळ्या दाराच्या शेतात!

दुसऱ्या दिवशी साबिनाच्या शेताचं पाणी बंद झालं. तोमासा म्हणाली, “तुझ्या मालकांनी तोडलं, ते समजतं. त्यांचं वैरच आहे आमच्याशी.” एवढं बोलून ती आपल्या शेताकडे वळली आणि मटकन खाली बसली. तिचाही पाट कोरडा होता.

“ताई,” ती म्हणाली. “माझं का गं तोडलं? मी तर मोंतालबांचीच होते ना?”

साबिनानं तिला हात धरून उठवलं. दोघी पाटाच्या वरच्या टोकाला निघाल्या. दोन कोरडी शेतं गावानं पाहिली होती, एक लाल दाराचं, एक निळ्या दाराचं; दोन्ही घराणी आतून एकच, हे आता कुणी सांगायला नको होतं. एकेक दार उघडलं, लाल उघडलं, निळंही उघडलं. बायका, म्हातारे, सगळे हातात कुदळ घेऊन मागोमाग चालू लागले.

पाटाचं पाणी अडवणाऱ्या फळीजवळ दोन्ही घराण्यांचे पहारेकरी एकाच घोंगडीवर बसले होते. एवढी माणसं पाहून ते दचकून उठले. एकानं दरडावून विचारलं, “थांबा! तुम्ही कुणाची माणसं?”

तोमासानं कुदळ फळीखाली घातली.

“आम्ही होय? आम्ही सख्ख्या बहिणी.”

सगळ्या गावानं जोर लावला, आणि फळी उचलली.

तात्पर्य: थोरामोठ्यांसाठी आपल्या माणसांशी वैर धरू नये. त्यांची आपसांत सोयरीक असते आणि भांडण तेवढं आपल्या वाट्याला येतं. आपली माणसं एक झाली, तर कुणाचीही मिरास कायमची राहत नाही.